३५६ × ७६: दोन आकडे, आणि दोन उपग्रह संपले! उपग्रहाची कक्षा नेमकी कशी सांगतात?

७ ऑगस्ट २०२२, रविवार. सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून इस्रोचं नवं, छोटं रॉकेट एसएसएलव्ही पहिल्यांदाच झेपावलं. त्यात दोन उपग्रह होते. एक इस्रोचा ईओएस-०२ आणि दुसरा जेमतेम ८ किलोंचा ‘आझादीसॅट’. या आझादीसॅटमध्ये ७५ छोटी उपकरणं होती. ती तयार केली होती देशभरातल्या ७५० शाळकरी मुलींनी.

रॉकेटचे तिन्ही मुख्य टप्पे ठरल्याप्रमाणे पेटले. उपग्रह सुटेही झाले. पण त्यानंतर चित्र बिघडलं. त्याच दिवशी इस्रोने जाहीर केलं की, उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ × ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार कक्षेत गेले आहेत आणि आता ते उपयोगाचे राहिलेले नाहीत.

अनेकांना प्रश्न पडला. रॉकेट ३५६ किलोमीटरपर्यंत तर पोहोचलं होतं. मग बिघडलं कुठे? आणि एवढ्या दोन आकड्यांवरून उपग्रह संपले हे कसं कळलं?

उपग्रह खाली का पडत नाही?

पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून उपग्रह तरंगतो’ असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ३५६ किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ९० टक्के असते. रॉकेट नुसतं सरळ वर नेऊन तिथे उपग्रह सोडला, तर तो दगडासारखा खाली येईल.

मग तो वर राहतो कसा? खरं तर तो सतत पडतच असतो. पण पडता पडता आडवाही इतक्या वेगाने जात असतो की जमीन त्याच्या हाती लागत नाही.

न्यूटनने यासाठी उंच डोंगरावरच्या तोफेची कल्पना मांडली होती. तोफेचा गोळा आडवा मारला की तो थोडा पुढे जाऊन पडतो. वेग वाढवला की आणखी लांब पडतो. कोणतीही वस्तू सोडल्यापासून पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्याने दर ८ किलोमीटरला तिचा पृष्ठभागही सुमारे ५ मीटर खाली वळतो. म्हणजे हवेचा अडथळा नसेल आणि गोळा सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेगाने गेला, तर तो जितका पडेल तितकीच जमीनही खाली जाईल. गोळा पृथ्वीभोवती फिरत राहील.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला ‘क्रांतिक वेग’ म्हटलं आहे, तो हाच. उंची वाढली की हा वेग थोडा कमी लागतो. ३५६ किलोमीटरवर तो सेकंदाला सुमारे ७.६९ किलोमीटर आहे. या वेगाने मुंबई ते पुणे हे साधारण १५० किलोमीटरचं अंतर २० सेकंदांत पार होईल.

म्हणूनच रॉकेटचं खरं काम उंची गाठणं एवढंच नसतं. त्याचं बहुतेक इंधन उपग्रहाला हा आडवा वेग देण्यात जातं.

मग त्या दिवशी किती वेग कमी पडला?

३५६ × ७६ म्हणजे या कक्षेतला पृथ्वीपासून सर्वात दूरचा बिंदू ३५६ किलोमीटर उंचीवर आणि सर्वात जवळचा बिंदू ७६ किलोमीटर उंचीवर. दूरच्या बिंदूला अपोजी आणि जवळच्या बिंदूला पेरिजी म्हणतात.

या दोन आकड्यांवरून गणित मांडता येतं. अशा कक्षेत ३५६ किलोमीटर उंचीवर असताना उपग्रहाचा वेग सेकंदाला साधारण ७.६१ किलोमीटर असतो. वर्तुळाकार कक्षेसाठी हवा होता ७.६९. फरक फक्त ०.०८ किलोमीटरचा, म्हणजे सुमारे एक टक्क्याचा!

एक टक्का वेग कमी पडला आणि कक्षेची दुसरी बाजू २८० किलोमीटर खाली आली. कक्षेच्या जगात हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: एका ठिकाणी वेग बदलला की त्याचा सर्वाधिक परिणाम कक्षेच्या बरोबर समोरच्या टोकाला दिसतो.

७६ किलोमीटरवर हवा विरळ असली तरी सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वस्तूसाठी ती पुरेशी दाट असते. साधारण याच थरात उल्का पेटताना दिसतात. या कक्षेची पूर्ण फेरी सुमारे ८९ मिनिटांची. त्यामुळे उपग्रहांची गाठ पहिल्याच फेरीत या हवेशी पडणार होती. निर्णय देण्यासाठी इस्रोला वाट बघण्याची गरजच नव्हती.

‘लंबवर्तुळ’ म्हणजे अंड्यासारखा आकार?

इथे आणखी एक गंमत आहे. लंबवर्तुळाकार म्हटलं की डोळ्यांसमोर अंड्यासारखी लांबट कक्षा येते. ३५६ × ७६ ची कक्षा मात्र कागदावर काढली तर ती वर्तुळच वाटेल.

कारण हे आकडे जमिनीपासूनच्या उंचीचे आहेत. कक्षेचा हिशोब मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून होतो. विषुववृत्तावर पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे. ती मिळवली की ही दोन अंतरं ६,७३४ आणि ६,४५४ किलोमीटर होतात. त्यात फारसा फरक उरत नाही. या कक्षेची लांबी आणि रुंदी यांतला फरक जेमतेम तीन किलोमीटर आहे.

मग घोळ कशात होता? पृथ्वी त्या ‘वर्तुळा’च्या मध्यावर नव्हती. केप्लरने १६०९ मध्ये ग्रहांबद्दल मांडलेला पहिला नियम उपग्रहांनाही लागू होतो. कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि पृथ्वीचं केंद्र तिच्या मध्यावर नव्हे, तर एका नाभीवर असतं. या कक्षेत ते मध्यापासून १४० किलोमीटर सरकलेलं होतं. म्हणून एका बाजूला कक्षा उंच राहिली आणि दुसऱ्या बाजूला हवेत बुडाली.

कक्षा पूर्ण सांगायला किती आकडे लागतात?

बातम्यांमध्ये बहुधा दोन किंवा तीनच आकडे येतात. उपग्रह नेमका कुठे आहे आणि उद्या कुठे असेल हे सांगायला मात्र सहा आकडे लागतात. कल्पना करा की एका चेंडूभोवती बांगडी अधांतरी धरली आहे आणि बांगडीवरून मुंगी चालते आहे. चेंडू म्हणजे पृथ्वी, बांगडी म्हणजे कक्षा आणि मुंगी म्हणजे उपग्रह.

१. बांगडी केवढी आहे? लंबवर्तुळाच्या लांब अक्षाची अर्धी लांबी म्हणजे कक्षेचा आकार. एका फेरीला किती वेळ लागेल हे या एकाच आकड्यावरून ठरतं. ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेला सुमारे ९२ मिनिटं लागली असती.

२. बांगडी किती दबलेली आहे? याला विमध्यता म्हणतात. शून्य म्हणजे अचूक वर्तुळ. एकच्या जवळ जाईल तशी कक्षा लांबट होते. एसएसएलव्हीच्या त्या कक्षेची विमध्यता होती सुमारे ०.०२. आकडा इतका छोटा, तरीही घातक.

३. बांगडी किती कललेली आहे? विषुववृत्ताशी कक्षेचा जो कोन होतो, तो तिचा कल. एसएसएलव्हीला उपग्रह सुमारे ३७ अंशांच्या कलात सोडायचे होते. म्हणजे ते ३७ अंश उत्तर ते ३७ अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यावरून फिरले असते. जवळपास सगळा भारत या पट्ट्यात येतो.

४. ती कोणत्या दिशेला कललेली आहे? कल तेवढाच ठेवूनही बांगडी चेंडूभोवती गोल फिरवता येते. म्हणून उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना विषुववृत्ताची पातळी जिथे ओलांडतो, त्या बिंदूची दिशा नोंदवतात. हा ‘आरोही पात’. दिशा मोजायची सुरुवात होते वसंतसंपात बिंदूपासून. मराठी घरांत हे बिंदू वेगळ्या नावाने ओळखीचे आहेत. पंचांगातले राहू आणि केतू म्हणजे चंद्राच्या कक्षेचे असेच दोन पात. फक्त ते विषुववृत्तावर नव्हे, तर सूर्याच्या भासमान मार्गावर मोजतात.

५. पृथ्वीच्या सर्वात जवळची जागा कुठे आहे? पेरिजी उत्तर गोलार्धावर येणार की दक्षिण गोलार्धावर, हे या कोनावरून ठरतं.

६. मुंगी आत्ता कुठे आहे? पहिले पाच आकडे रस्ता सांगतात. सहावा आकडा ठरावीक क्षणी उपग्रह त्या रस्त्यावर कुठे आहे ते सांगतो. त्यासोबत तारीख आणि वेळ लिहावीच लागते.

सहाच का? कारण अवकाशातल्या वस्तूची जागा सांगायला तीन आकडे लागतात आणि तिचा वेग कोणत्या दिशेला किती आहे हे सांगायला आणखी तीन. हे सहा कळले की पुढचा प्रवास गणिताने काढता येतो.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आज संध्याकाळी किती वाजता आपल्या गावावरून जाईल हे मोबाइलवरचं अॅप सांगतं, ते अशाच आकड्यांच्या जोरावर. उपग्रहाची ही माहिती दोन ओळींत लिहिण्याची पद्धत जगभर रूढ आहे. अवकाश स्थानकाच्या कक्षेचा कल ५१.६ अंश असल्यामुळे ते महाराष्ट्रावरूनही जातं. ही माहिती शिळी होते, हेही लक्षात ठेवायला हवं. ४०० किलोमीटरवरही हवेचे अतिविरळ कण असतात आणि ते कक्षा हळूहळू खाली ओढतात. त्यामुळे हे आकडे सतत नव्याने मोजावे लागतात.

कामानुसार कक्षा कशी बदलते?

टीव्हीची डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही. कारण ज्या उपग्रहाकडे ती रोखलेली असते, तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथे एका फेरीला २३ तास ५६ मिनिटं लागतात. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून हा भूस्थिर उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतो. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला असल्यामुळे महाराष्ट्रातल्या डिशही साधारण दक्षिणेकडे तोंड करून असतात.

जमिनीचे फोटो काढणाऱ्या अनेक उपग्रहांना काहीशे किलोमीटर उंचीवर, सुमारे ९८ अंशांच्या कलात ठेवतात. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. त्या फुगवट्याच्या ओढीमुळे ही कक्षा रोज जवळपास एक अंश फिरते आणि उपग्रह एखाद्या गावावरून दरवेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला जातो. सावल्या सारख्या पडतात, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे फोटो ताडून बघता येतात.

चुकलेली कक्षा दुरुस्त करता येत नाही का?

येते, पण त्यासाठी इंधन आणि वेळ दोन्ही हवेत. चंद्रयान-३ च्या वेळी जुलै २०२३ मध्ये ४१,७६२ × १७३ असे आकडे बातम्यांत आले होते. ती कक्षा कितीतरी जास्त लांबट होती, पण ती मुद्दामच तशी ठेवली होती. तिचा लहान आकडा १७३ होता. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की यानाला पुढच्या फेऱ्या मारता आल्या आणि टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवता आली.

ईओएस-०२ आणि आझादीसॅटला ती सवड मिळाली नाही. ७६ किलोमीटरवरची हवा एका फेरीच्या आत समोर उभी होती.

इस्रोने नंतर कारणही सांगितलं. दुसरा टप्पा सुटताना अगदी थोडा वेळ जोराची कंपनं झाली. त्यामुळे वेगातला बदल मोजणारे सेन्सर बिघडले आहेत, असं रॉकेटच्या सॉफ्टवेअरने मानलं आणि रॉकेट पर्यायी मार्गदर्शनावर गेलं. त्यात शेवटचा आवश्यक वेग मिळाला नाही.

त्यानंतर टप्पा सुटण्याची यंत्रणा आणि सॉफ्टवेअर या दोन्हींत सुधारणा झाल्या. १० फेब्रुवारी २०२३ रोजी एसएसएलव्ही दुसऱ्यांदा झेपावलं. या वेळी त्यात ईओएस-०७, जानस-१ आणि विद्यार्थिनींचा दुसरा उपग्रह, आझादीसॅट-२ होता. ठरलेली कक्षा ४५० किलोमीटरची, वर्तुळाकार. उड्डाणानंतर साधारण पंधरा मिनिटांत तिन्ही उपग्रह त्या कक्षेत सुटले.

पुढच्या वेळी उपग्रहाच्या बातमीत असे दोन आकडे दिसले, तर मोठ्या आकड्याआधी लहान आकडा बघा. तो शंभराच्या खाली असेल, तर उपग्रह फार काळ टिकणार नाही हे तुम्हालाही लगेच कळेल.