खेळाचा लॅपटॉप कां मंदावतो?

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं १९१२ मध्यें विलायतेहून आणविलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यानें वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. बराच काळ रोज थोडथोडीं चित्रें घ्यावयाचीं आणि मग तीं लागोपाठ पडद्यावर दाखवावयाचीं, एवढीच ती युक्ति होती. पण पाहणाऱ्यांस बीं फुटून वेल डोळ्यांदेखत वर चढत असल्याचा भास झाला. चलच्चित्राचें सारें रहस्य ह्यांतच आहे. स्थिर चित्रें इतक्या त्वरेनें डोळ्यांपुढून गेलीं पाहिजेत कीं, त्यांमधील खंड डोळ्यास कळूं नये. मूकपटाच्या काळीं सेकंदाला सुमारें १६ चित्रें पुरत असत. बोलपट आल्यावर तीं २४ झालीं.

आज घरोघर तरुण मुलें लॅपटॉपवर जे खेळ खेळतात, त्यांत सेकंदाला ६० किंवा त्याहूनहि अधिक चित्रें लागतात. शिवाय, चित्रपटाचें चित्र एकदां घेतलें कीं तें फितीवर कायम राहतें; खेळांतील प्रत्येक चित्र मात्र त्या क्षणीं नव्यानें रेखाटावें लागतें. खेळणारा पुढच्या क्षणीं डावीकडे वळणार कीं उजवीकडे, हें आधीं कोणास ठाऊक असणार? सेकंदाला ६० चित्रें हवीं असतील, तर एका चित्राच्या वांट्यास सेकंदाचे अवघे १७ सहस्रांश येतात. तेवढ्या अवधींत चित्र तयार झालें नाहीं, कीं पडद्यावरील माणूस अडखळत चालूं लागतो. लॅपटॉप मंदावला असें म्हणतात, तें ह्यालाच.

नाशिकमधील एखाद्या सुशिक्षित घरांतला हा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलासाठीं पदरमोड करून मोठ्या किंमतीचा लॅपटॉप घेतलेला आहे. त्यावर दिवसा अभ्यास होतो व रात्रीं खेळ. एके दिवशीं खेळ एकाएकीं अडखळूं लागतो. मुलगा म्हणतो, “बाबा, परवांपर्यंत हा अगदीं व्यवस्थित चालत होता.” वडिलांस वाटतें, अतिखेळानें यंत्र झिजलें. दुरुस्तीच्या दुकानांत वरवर पाहून सांगितलें जातें, “बोर्डच बदलावा लागेल”. आणि खर्चाचा आंकडा ऐकून घर गप्प होतें. अशा वेळीं पुष्कळदां यंत्र मुळींच बिघडलेलें नसतें. खरी खूण मुलाच्या त्या एका वाक्यांत असते. परवांपर्यंत सर्व ठीक होतें, तर मधल्या दोन दिवसांत बदललें काय, हाच पहिला प्रश्न होय.

बहुधा बदललेला असतो तो ड्रायव्हर. खेळांतील चित्रें रेखाटणारी एक वेगळी चिप लॅपटॉपमध्यें असते. तिला ग्राफिक्स चिप किंवा जीपीयू म्हणतात. खेळ आपली मागणी सर्वसामान्य भाषेंत मांडतो. चिपला मात्र तिची स्वतःचीच भाषा समजते. ह्या दोघांमध्यें बसलेला दुभाषा म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. दुभाषा चतुर असला, तर काम झपाट्यानें उरकतें; तो चुकूं लागला, तर दोन्हीकडचीं माणसें शहाणीं असूनहि व्यवहार खोळंबतो. ड्रायव्हर हा यंत्राचा भाग नसून एक प्रोग्राम आहे. तो झिजत नाहीं. पण तो बदलला जातो, आणि पुष्कळदां घरांतील कोणास न विचारतां बदलला जातो, कारण विंडोज इतर सुधारणांबरोबर नवे ड्रायव्हरहि परस्पर उतरवून घेऊं शकतें.

ही शंका काल्पनिक नव्हे. मार्च २०१० मध्यें एनव्हिडिया कंपनीनें आपल्या ड्रायव्हरची १९६.७५ ही आवृत्ति मागें घेतली. तिच्यामुळें कांहीं यंत्रांत पंख्याचें नियंत्रण बिघडून चिप तापत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज ११ ला आलेल्या एका सुधारणेनंतर कांहीं खेळ मंदावले, आणि पुढच्याच महिन्यांत एनव्हिडियास त्यावर ५८१.९४ ही तातडीची आवृत्ति काढावी लागली. ज्या घरांत त्या दिवसांत नवा बोर्ड विकत घेतला गेला असता, तेथील पैसे व्यर्थ गेले असते.

तथापि प्रत्येक मंदपणाचा दोष ड्रायव्हरच्या माथीं मारणेंहि बरोबर नाहीं. वैद्य जसा ताप केव्हां चढतो हें आधीं विचारतो, तसें येथें मंदपणा केव्हां येतो हें पाहावें. खेळ आरंभीं उत्तम चालून दहापंधरा मिनिटांनीं मंदावत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. चार्जर काढतांच मंदावत असेल, तर तो विजेचा प्रश्न होय. खेळाच्या लॅपटॉपला लागणारी सारी शक्ति एकटी बॅटरी पुरवूं शकत नाहीं, आणि ६५ वॉटचा साधा चार्जर लावल्यासहि तोच परिणाम दिसतो. पण अमुक दिवसापासून, खेळ उघडल्याच्या पहिल्या क्षणापासूनच मंदपणा असेल, अथवा पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हां उजळत असेल, तर ड्रायव्हरकडे वळावें. चिपकडून सुमारें दोन सेकंद उत्तर आलें नाहीं, कीं विंडोज ड्रायव्हर बंद करून नव्यानें सुरू करतें. काळा पडदा हें बहुधा त्याचेंच चिन्ह असतें.

नाशिककरांनीं उष्णतेचें कारण विशेष ध्यानांत ठेवावें. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि पंखा खोलींतलीच हवा चिपवर सोडीत असल्यामुळें खोली जितकी तापेल तितकी चिपहि अधिक तापते. ग्राफिक्स चिप ८५ अंशांच्या आसपास पोंचली, कीं आपला वेग ती स्वतःच कमी करते. जळून जाण्यापेक्षां सावकाश चालणें तिला पसंत असतें. म्हणून लॅपटॉप गादीवर न ठेवतां टेबलावर ठेवावा, झरोके मोकळे राखावे, आणि यंत्र पूर्ण बंद करून पंख्यांतील धूळ काढावी. हवेचा झोत सोडतांना पंख्याचें पातें धरून ठेवावें. हा उपाय जवळजवळ फुकट आहे, म्हणून तो आधीं करावा.

दुसरें एक कारण पुष्कळांस चकवितें. बहुतेक खेळाच्या लॅपटॉपांत दोन चित्रकार असतात: एक मुख्य प्रोसेसरमध्येंच बसविलेला, कमी वीज खाणारा व किरकोळ कामाचा, दुसरा स्वतंत्र आणि बलवान. कोणतें काम कोणाकडे द्यावयाचें हें ड्रायव्हर व विंडोज मिळून ठरवितात. ही निवड चुकली, तर सारा खेळ दुबळ्या चित्रकाराच्या गळ्यांत पडतो आणि बलवान स्वस्थ बसून राहतो. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांतील परफॉर्मन्स ह्या पानावर दोन्ही चिपा वेगवेगळ्या दिसतात. खेळ चालूं असतांना स्वतंत्र चिपचें काम शून्याजवळ दिसलें, तर रोग सांपडला असें समजावें. मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले व ग्राफिक्स ह्या क्रमानें जाऊन त्या खेळापुढें हाय परफॉर्मन्स निवडावें. त्याच पानावर स्वतंत्र चिपचें तापमान व ड्रायव्हरची तारीखहि सहसा वाचावयास मिळते.

ह्यानेंहि गुण न आला, तर ड्रायव्हरची पाळी. विंडोज अपडेटच्या इतिहासांत अलीकडे कोणता ड्रायव्हर आला व कोणत्या तारखेस आला हें पाहावें. ती तारीख आणि मंदपणाची तारीख जुळल्यास डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्स ह्या सदरांतील चिपच्या माहितींत रोल बॅक ड्रायव्हर हें बटण शोधावें. जुनी आवृत्ति यंत्रांत शिल्लक असेल, तर एका बटणानें ती परत येते. तेथें चिपच्या नांवाऐवजीं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असें लिहिलेलें आढळलें, तर खरा दुभाषा जागेवर नाहींच. त्याच्या जागीं जेमतेम पडदा दाखवूं शकणारा बदली नोकर बसला आहे, असें जाणावें.

मागें जाण्याची सोय नसेल, तर ड्रायव्हर समूळ काढून पुन्हां बसवावा लागतो. येथें घाई करूं नये. महत्त्वाच्या कागदपत्रांची नक्कल प्रथम दुसरीकडे ठेवावी. यंत्रास बिटलॉकरचें कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की हाताशीं आहे ना हें पाहावें; नाहींतर सेफ मोडमध्यें शिरतांना स्वतःच्याच यंत्राबाहेर उभें राहण्याची पाळी यावयाची. लॅपटॉपच्या किंवा चिपच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर आधींच उतरवून घ्यावा. मग इंटरनेट तोडावें, म्हणजे विंडोज मध्येंच आपला ड्रायव्हर घुसवणार नाहीं. नंतर सेफ मोडमध्यें जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर ह्या मोफत प्रोग्रामानें जुन्याचे अवशेष पुसावे, यंत्र पुन्हां सुरू करावें आणि नवा ड्रायव्हर बसवावा. त्यानंतर पहिल्यांदा खेळ उघडतांना थोडा वेळ अडखळला, तर हताश होऊं नये. खेळासाठीं लागणारे कांहीं छोटे प्रोग्राम नव्या ड्रायव्हरास पुन्हां तयार करून सांठवावे लागतात. तें झालें कीं गति पूर्ववत् होते.

ह्या सर्व खटपटींत एक नियम मोडूं नये: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि तोच खेळ त्याच ठिकाणीं पुन्हां खेळून पाहावा. चार उपाय एकदम केले व गुण आला, तरी रोग कोणता होता हें कळत नाहीं. आणि तो परत आला म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

नवा ड्रायव्हर नेहमींच हितकर असतो, असेंहि नाहीं. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेसारख्या जुन्या चिपांसाठीं ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या खेळांकरितां ड्रायव्हर निघावयाचे थांबले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षिततेच्या सुधारणा देण्याचें कंपनीनें जाहीर केलें आहे. ह्याचा अर्थ तीं यंत्रें निरुपयोगी झालीं असा नव्हे. जुने खेळ आणि अभ्यास त्यांवर पूर्वीप्रमाणेंच चालतात. नव्या खेळांची अपेक्षा मात्र बेतानें ठेवावी.

हें सारें करूनहि खेळ मंदच राहिला, अथवा खेळ बंद असतांनाहि पडद्यावर रेघा व ठिपके दिसूं लागले, तर मात्र कारागिराकडे जावें. कदाचित् चिपच खरोखर दुखावली असेल. पण त्या वेळीं घरचा माणूस रिकाम्या हातानें जात नाहीं. मंदपणा केव्हांपासून आहे, तापमान किती जातें, कोणते उपाय करून झाले, हें तो सांगूं शकतो. आणि अशा गिऱ्हाइकास सरसकट बोर्ड बदलावयास सांगणें सोपें नसतें. म्हणून लॅपटॉप उत्तम चालत असतांनाच ड्रायव्हरच्या आवृत्तीचा क्रमांक व तारीख घरच्या हिशेबाच्या वहींत टिपून ठेवावी. पुढें मुलगा जेव्हां म्हणेल, “बाबा, परवांपर्यंत हा ठीक चालत होता,” तेव्हां परवां काय होतें तें त्या वहींत सांपडेल.