पसरलंय कुठवर?

सकाळी ७.३०. सायक्लोट्रॉनवरून एफडीजी आलं की आमचा स्कॅन विभाग जागा होतो. या किरणोत्सारी साखरेची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे पेट-सीटीच्या पेशंटला उशीर परवडत नाही.

८.४५. आमच्या नोएडातच, सेक्टर ३९ मध्ये, राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था आहे. तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची पूर्वतपासणी होऊ शकते. अंडाशयाचं तसं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर चाचणी झाली, पण २०२१ च्या निष्कर्षात मृत्यू घटलेले दिसले नाहीत. आमच्याकडे बहुतेक जणी आजार पसरल्यावरच येतात.

९.१५. पहिली सीटी. दादरीकडच्या बाई, पोटात पाणी, सोनोग्राफीत गाठ. यंत्राचं काम काही सेकंदांचं, माझं त्यानंतर सुरू होतं. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात आणि पाणी साचतं तिथे रुजतात. म्हणून गाठ मी शेवटी बघते. आधी यकृतावरचं श्वासपटल, मग मोठ्या आतड्याच्या कडेच्या खोबणी, मग ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा. ते इथे थालीपिठासारखं थापलं गेलंय. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या मेसेंटरीचं मूळ मात्र मोकळं आहे, आणि सर्जनला तेच हवं असतं. मूळ आक्रसलं असेल तर बहुधा आधी केमो, नंतर शस्त्रक्रिया.

११.३०. किडनी अधू असलेल्या बाईंची एमआरआय, कॉन्ट्रास्टशिवाय. आतड्यावरचे पातळ थर एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रांत उठून दिसतात, सीटीत ते घड्यांत हरवतात. पण पाऊण तास निश्चल पडायचं, तेही पोटात पाणी असताना! उताणं झोपलं की दम लागतो. सरसकट एमआरआय लिहून देणाऱ्यांनी एकदा तो पाऊण तास बघावा.

२.००. नागपूरहून मुलाकडे आलेल्या काकू. ऑपरेशन झालेलं, आता रक्तातलं सीए-१२५ चढतंय, सीटी स्वच्छ. पेटमध्ये महाधमनीशेजारी आठ मिलिमीटरची ग्रंथी पेटलेली. मुलाने आणलेल्या जुन्या सीडीत तीच चार मिलिमीटर.

"सीटीत का नाही दिसली?"

"दिसली होती, काकू. पण या आकाराला सीटी नॉर्मलच म्हणते. जुनी सीडी होती म्हणून वाढ कळली."

४.३०. ट्यूमर बोर्ड. तरुण सर्जन विचारतो, "सगळ्यात चांगला स्कॅन कुठला?" २००० साली 'रेडिओलॉजी'त छापलेल्या अमेरिकी अभ्यासात पोटातला प्रसार ओळखण्यात एमआरआय ९५, सीटी ९२, सोनोग्राफी ६९ टक्के होती. अलीकडच्या युरोपीय अभ्यासात मात्र शस्त्रक्रिया शक्य आहे का, हे सांगण्यात तरबेज हातातली सोनोग्राफी मागे पडली नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला छातीपासून जांघेपर्यंत सीटी, अडलं तर एमआरआय, आजार उलटल्याची शंका आली तर पेट.

६.१५. ओटीतून फोन. श्वासपटलावर दोन मिलिमीटरचे दाणे निघाले. असे दाणे तिन्ही तपासण्यांतून निसटतात. तिथे दुर्बीणच लागते.

स्कॅनला येताना जुने नुसते रिपोर्ट आणू नका, सीडीही आणा.