बाळाचा खोकला आणि एका मिनिटाचे गणित

पुण्यात दिवाळीनंतर थंडी पडू लागली की घरोघरी लहान मुलांचा खोकला ऐकू येतो. आजी ओव्याची पुरचुंडी शेकायला घेते, शेजारच्या काकू एखाद्या सिरपाचे नाव सुचवतात आणि बाळाची आई रात्रभर जागी राहते. सर्वांच्या मनात प्रश्न एकच असतो: हा खोकला साधा की धोक्याचा? तो ओळखण्याची एक सोपी कसोटी तुम्हांलाही लावता येईल. त्यासाठी हवे फक्त सेकंदकाट्याचे घड्याळ.

प्रथम खोकला म्हणजे काय ते पाहू. श्वासमार्गात कफ, धूळ किंवा दुधाचा थेंब अडकला की मेंदूला खबर पोहोचते. आपण खोल श्वास घेतो, घशातील स्वररज्जूंचे दार क्षणभर मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू आतली हवा दाबतात आणि दार एकदम उघडते. कोंडलेली हवा वेगाने बाहेर पडते व अडथळाही सोबत नेते. म्हणजे खोकला हा रोग नव्हे. तो घर झाडणारा गडी आहे. बहुतेक वेळा तो सर्दीच्या विषाणूंमुळे येतो आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप थांबतो.

मग तान्ह्या बाळाची काळजी अधिक का? याचे उत्तर प्वाझेय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात शोधलेल्या नियमात आहे. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, मोठ्या माणसाच्या श्वासनळीची त्रिज्या ४ मिलिमीटर आणि बाळाची २ मिलिमीटर आहे. दोघांच्याही नळीला आतून १ मिलिमीटर सूज आली, तर मोठ्याचा विरोध सुमारे तिप्पट होईल; बाळाचा मात्र सोळापट! हे गणित स्वतः करून पाहा. रडताना प्रवाह संथ राहत नाही, त्यात भोवरे उठतात आणि विरोध आणखी वाढतो. म्हणून बाळाला शांत ठेवणे हाही एक उपचारच आहे.

खरा धोका असतो न्यूमोनियाचा. त्यात फुप्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात व फुप्फुस ताठर होते. ताठर स्प्रिंग ताणायला जास्त ऊर्जा लागते आणि ती ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एक पूर्ण श्वास घेण्याऐवजी दोन अर्धे श्वास घेतले, तर प्रत्येकास पाव ऊर्जा, म्हणजे एकूण निम्मीच लागते. बाळाचे शरीर हेच करते. श्वास उथळ होतो आणि त्याची वारंवारता वाढते. पण ही काटकसर फार काळ पुरत नाही. उथळ श्वासातली बरीचशी हवा नळ्यांतूनच परत फिरते आणि बाळ थकून जाते.

या वाढलेल्या वारंवारतेचा मोठा उपयोग आपल्या महाराष्ट्रातच करून दाखवला गेला. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यसेवक आणि सुईणींना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व तोंडावाटे प्रतिजैविक औषध द्यायला शिकवले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या सेवकांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर गावांत ते १३.५ टक्के होते.

पण अनेक सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. त्यांच्यासाठी मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन बनवले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. साक्षरता नसतानाही अचूक मोजमाप कसे करता येते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

आता तुमची पाळी. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना त्याचा सदरा वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर पडले असतील, बाळ दूध पीत नसेल किंवा गुंगीत असेल, तर आकडा मोजत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बाळाला नुसता खोकला असला, तरी डॉक्टरांना दाखवावे.

साध्या खोकल्यात आईचे दूध वारंवार पाजावे आणि नाक चोंदल्यास मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब घालावेत. नाकात तेल सोडू नये, धुरी देऊ नये आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सिरपाने झाडणारा गडीच झोपी जातो. शिवाय २०२५ साली नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

लसींचे वेळापत्रकही चुकवू नये. डांग्या खोकल्याची लस दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना देतात. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूवरील लस २०२१ मध्ये देशभर लागू झाली. अशी एक लस आपल्या हडपसरलाच तयार होते.

आज घरी गेल्यावर प्रथम स्वतःचे श्वास एक मिनिट मोजा, मग आईबाबांचे आणि घरात बाळ असेल तर त्याचेही. हे आकडे वहीत लिहून ठेवा. निरोगी बाळाचा आकडा माहीत असला, की आजारात तो किती चढला हे तुम्हांला चटकन कळेल.