कासवाची रांगोळी

आपल्या शाळेत एकच संगणक आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण त्या संगणकात एक कासव राहते, हे किती जणांना ठाऊक आहे? ते कासव आपण सांगू तसे चालते आणि चालता चालता रेघ काढते. त्याच्याकडून रांगोळी कशी काढून घ्यायची, ते मी आज सांगणार आहे.

संगणकाला आपली बोली कळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. आमचा दुभाषा पायथॉन नावाच्या भाषेचा आहे. पायथॉन म्हणजे अजगर, पण हे नाव सापावरून नाही, विलायतेतल्या एका विनोदी कार्यक्रमावरून ठेवले आहे! ही भाषा हॉलंडच्या गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली आणि १९९१ साली सर्वांना दिली. त्याच १९९१ साली आपल्या पुण्यात सी-डॅक या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला. त्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातले. पुढे २०११ साली पायथॉन वापरणाऱ्यांचे भारतातले संमेलनही पुण्यातच भरले होते.

दुभाष्याची खिडकी उघडली की गणितातल्या ‘पेक्षा मोठे’च्या तीन खुणा दिसतात. म्हणजे तो म्हणतो, “सांगा, मी ऐकतोय.” आपण इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचे. लगेच काम होते.

पण त्याला आपोआप चित्र काढता येत नाही. आई आधी फळीवरून रांगोळीचा डबा काढते ना, तसे आधी सामान काढावे लागते. अशा तयार सामानाला लायब्ररी म्हणतात. आपल्या लायब्ररीचे नाव टर्टल, म्हणजे कासव. पहिली ओळ अशी: फ्रॉम टर्टल इम्पोर्ट आणि शेवटी छोटी चांदणी. झाले, डबा उघडला!

आता लिहा फॉरवर्ड आणि कंसात १००. कासव सरळ शंभर पावले जाते. मग लेफ्ट आणि कंसात ९०. ते डावीकडे काटकोनात वळते. असे चार वेळा केले की चौकोन तयार. अमेरिकेत १९६७ साली सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा काढली. या कासवाची कल्पना तिथलीच आहे. तेव्हा खरोखरचे यंत्राचे कासव जमिनीवरच्या कागदावर पेनाने रेघा काढीत चालायचे!

आता खरी गंमत. सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचा आतला प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. मग कासवाला ६० वळवायचे का? नाही! तसे केले तर रेघा बाहेर जातात आणि षट्कोन होतो. कासवाचे तोंड पुढे असते, म्हणून ते तिथून पुढे किती वळले ते मोजायचे. मैदानावर फक्कीने त्रिकोण आखून त्यावरून चालून पाहा. परत पहिल्या जागी येऊन पहिल्यासारखे तोंड केले की तुमची पूर्ण एक गिरकी झालेली असते. एक गिरकी म्हणजे ३६० अंश. तीन कोपरे आहेत, म्हणून ३६० भागिले ३, म्हणजे १२०. पंचकोनाला ७२, षट्कोनाला ६०. आणि पाच टोकांची चांदणी काढताना कासवाच्या दोन गिरक्या होतात, म्हणून ७२० भागिले ५, म्हणजे १४४!

आठ पाकळ्यांचे फूल हवे असेल तर लिहा: फॉर आय इन रेंज, कंसात ८, आणि शेवटी दोन टिंबे. खालच्या ओळीत थोडे आत सरकून सर्कल, कंसात ६०. त्याखाली तेवढेच आत लेफ्ट, कंसात ४५. मग रिकाम्या ओळीवर एंटर. आठ वर्तुळे एकमेकांत गुंफली जातात. अनंत चतुर्दशीला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मोठ्या रांगोळ्या काढतात, त्यांची आठवण येते.

काही पालक म्हणतात, मुले संगणक बिघडवतील. पण चुकीची ओळ लिहिली तर संगणक बिघडत नाही. दुभाषा फक्त “कळले नाही” असे सांगतो. रेघ चुकली तर अनडू आणि रिकामा कंस लिहायचा, शेवटचे काम पुसले जाते. एकेक ओळ लगेच दिसत असल्यामुळे कुठे चुकले तेही लगेच कळते. पायथॉन फुकट मिळते, आणि एकदा संगणकात घातले की इंटरनेट लागत नाही. आमचा एकच संगणक, म्हणून एकाने ओळ सांगायची, दुसऱ्याने लिहायची आणि बाकीच्यांनी कासव कुठे जाईल ते ओळखायचे. वीज गेली तर कासवही जाते, म्हणून ओळी वहीत उतरवून ठेवाव्यात.

आपल्या आया रोज अंगणात सारख्या पाकळ्या काढतात. त्यांनी अंश मोजलेले नसतात, पण त्यांच्या बोटांना हा हिशेब येतो. संगणकाला मात्र तोच हिशेब आकड्यांत सांगावा लागतो. तो आपण सांगायचा. म्हणून आईजवळ बसून आधी रांगोळी नीट बघा.

आता तुमच्यासाठी कोडे: बारा बाजूंची आकृती काढायला कासवाला दर वेळी किती अंश वळवाल? उत्तर लिहून बाईंकडे द्या.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी