दारू संगतीने लागते, मग सुटतानाही संगत का लागते? बारामती-इंदापूरकरांनी मदत कुठे शोधायची?

‘बसायचं का?’ एवढं विचारलं की कुठे बसायचं आणि काय घेऊन बसायचं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उसाचं बिल खात्यावर जमा झालं की बसायचं. सोसायटीची निवडणूक जिंकली की बसायचं आणि हरली तरी बसायचंच. बहुतेकांचं त्यात फार काही बिघडत नाही. पण त्याच टेबलावरच्या एखाद्याचे हात काही वर्षांनी सकाळी घोट घेतल्याशिवाय स्थिर राहत नाहीत.

मग शपथा सुरू होतात. कुणी पोराच्या डोक्यावर हात ठेवतं, कुणी जेजुरीला जाऊन भंडारा उचलतं. पंधरा दिवसांत शपथ मोडते आणि घरचे म्हणतात, ‘याच्यात दमच नाही.’

इथेच गल्लत होते. दारूचं अवलंबित्व हा आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि या आजारात एकट्याने घेतलेल्या शपथेपेक्षा, त्याच वाटेने गेलेल्या माणसांची सोबत जास्त टिकते. ही सोबत म्हणजे नक्की काय आणि बारामती-इंदापूर भागात ती कशी मिळवायची, ते समजून घेऊ.

किती लोकांपर्यंत मदत पोहोचते?

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने देशभर केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना दारूमुळे मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस तर १८० मध्ये एक.

म्हणजे बाकीचे ३७ जण घरीच, शपथा घेत आणि मोडत बसलेले असतात.

सगळ्यात आधी हे वाचा: रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली, तर शरीर उलटं पेटतं. काही तासांत थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस ओळख विसरतो, ताप चढतो. यात जीवही जाऊ शकतो. लोक याला ‘वेड लागलं’ किंवा ‘बाहेरचं झालं’ समजतात आणि दवाखान्याऐवजी भलतीकडेच नेतात.

म्हणून पहिली पायरी डॉक्टरची. हे दिवस योग्य औषधं आणि ‘बी-१’ जीवनसत्त्व देऊन सुरक्षितपणे पार करता येतात. आधी कधी फिट आली असेल तर दाखल होणंच बरं. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर थेट १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

शरीरातली दारू काही दिवसांत उतरते. खरी अडचण पुढे असते. घरी आल्यावर संध्याकाळी सात वाजता काय करायचं? सोबतीची गरज इथून सुरू होते.

एका पिणाऱ्याला दुसऱ्याची मदत कशी होते?

१९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्याच अॅक्रन या शहरात गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. काम फसलं आणि हॉटेलच्या बारमध्ये जायची इच्छा उफाळून आली. त्याने ओळखीपाळखीतून त्या गावातला दुसरा एक दारूडा शोधायला सांगितला. भेट झाली ती डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. दोघं तासनतास बोलले. समोरच्याला सावरता सावरता आपणही सावरतो, हे बिलच्या लक्षात आलं. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे ‘एए’चा स्थापना दिवस मानला जातो. भारतात एए १९५७ मध्ये आलं.

एएच्या बैठकीत डॉक्टर नसतो आणि उपदेशही नसतो. एकेक जण आपलं पहिलं नाव सांगतो आणि आपला अनुभव सांगतो. बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. सभासद व्हायची अट एकच: दारू सोडायची इच्छा. खर्चासाठी सभासदच ऐच्छिक वर्गणी काढतात. बाहेरची देणगी घेतली जात नाही.

बोलण्यात ‘उच्च शक्ती’चा उल्लेख येतो, पण तिला देव म्हणायचं, निसर्ग म्हणायचं की समोर बसलेला गट, हे ज्याने त्याने ठरवायचं. जुना सभासद नव्याचा ‘स्पॉन्सर’ होतो, म्हणजे पिण्याची हुक्की आली की फोन करायचा हक्काचा माणूस. लक्ष्य जन्मभराचं नसतं. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच.

याचा खरंच उपयोग होतो का?

२०२० मध्ये ‘कोक्रेन’ या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात १० हजारांहून जास्त लोक होते. एएच्या बारा पायऱ्यांशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोक वर्षभरानंतरही पूर्ण दारूमुक्त होते. इतर प्रचलित उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. हे अभ्यास बहुतांश अमेरिकेतले आहेत. हे आकडे पाहता एए जादू नाही हे दिसतं, पण फुकट मिळणारी ही गोष्ट महागड्या समुपदेशनाच्या तोडीची आहे हेही दिसतं.

आपल्या भागाला ही कल्पना तशी नवी नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरपूरला जाते. ‘त्यानं माळ घातली आणि दारू सुटली’ असं सांगणारी माणसं या वाटेवरच्या गावागावांत भेटतील. गळ्यातल्या माळेबरोबर त्या माणसाला दिंडी मिळते, संध्याकाळचं भजन मिळतं, एकादशीला विचारपूस करणारे माळकरी मिळतात. ‘बसायचं’ टेबल सुटतं आणि त्या जागी दुसरी बैठक येते. मात्र माळ घालायची असली तरी थरथर आणि फिट यांवरचे उपचार डॉक्टरकडूनच घ्यावे लागतात.

पुण्यातलं ‘मुक्तांगण’ काय करतं?

ऐंशीच्या दशकात अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखन केलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. आज त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर ते काम सांभाळतात.

मुक्तांगणमध्ये काम करणारे अनेक जण पूर्वी तिथेच पेशंट होते. ‘तुला काय कळणार माझं दुःख?’ असं त्यांना म्हणता येत नाही. पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ हा गट आहे आणि व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. बायका पितच नाहीत, असं म्हणत आपण तो विषय झाकून ठेवतो. त्यामुळे त्यांना मदत आणखी उशिरा मिळते.

मग बारामती-इंदापुरातून सुरुवात कुठून करायची?

१. फोन: केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ १४४१६, इथे मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत आहेत. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

२. सरकारी दवाखाना: बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. इंदापूरकरांनी उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात, ते विचारावं. लाज वाटत असेल तर ‘झोप लागत नाही, हात थरथरतात’ एवढं सांगून केसपेपर काढा. पण आत गेल्यावर डॉक्टरला किती पितो, ते खरं सांगा. औषधाचा डोस त्यावर ठरतो.

३. दाखल व्हायचं असेल तर: पुण्यात मुक्तांगण आणि ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. नीरेपलीकडे साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं ‘परिवर्तन’ आहे. सोडायच्या दिवशीच विचारून ठेवा की पुढचा फॉलोअप आपल्या तालुक्याजवळ कुठे होईल.

४. एएची बैठक: एएच्या भारतातल्या मुख्य कार्यालयाच्या वेबसाइटवरून जवळच्या गटाची चौकशी करता येते. बैठकीचा वार आणि जागा बदलते, म्हणून निघण्याआधी फोन करा.

५. ऑनलाइन बैठक: करोनाच्या लॉकडाउनपासून एएच्या ऑनलाइन बैठका रुळल्या आहेत. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. इंदापूरहून पुणं सुमारे १३५ किलोमीटर आहे. दर आठवड्याला एसटीने जाणं ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी हा मोठा आधार आहे.

‘पण गावात सगळे ओळखतात, त्याचं काय?’

तालुक्याच्या गावातली ही सगळ्यात खरी अडचण आहे. बैठकीला गेलो आणि शेजारचाच भेटला तर? पण तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. बैठकीत कोण आलं, काय बोललं, हे बाहेर सांगायचं नाही हा एएचा पाया आहे. ‘अनॉनिमस’ या शब्दाचा अर्थच ‘अनामिक’. तरीही संकोच वाटला तर बारामतीकराने दुसऱ्या तालुक्यातल्या गटात जावं, इंदापूरकराने बारामतीत चौकशी करावी. आणि खरं सांगायचं, तर आपल्या पिण्याची बातमी गावाला आपल्या आधीच लागलेली असते. न लागलेली बातमी असते ती सोडल्याची.

सोशल मीडियावर असाल तर एक पथ्य पाळा. कुणाच्या बैठकीचा फोटो टाकू नका, कुणाला टॅग करू नका, ‘अभिनंदन भावा, दारू सोडली’ असं त्याच्या परवानगीशिवाय लिहू नका.

जवळपास गट नसेल तर? एएच्या परंपरेनुसार दारू सोडायच्या हेतूने दोन-तीन जण एकत्र आले, तरी तो गट होतो. शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, वाचनालयाची खोली, आठवड्यातला एक ठरलेला वार आणि एक तास. एवढ्यावर सुरुवात होते. साहित्य आणि मार्गदर्शन मुख्य कार्यालयाकडून मागवता येतं.

घरच्यांनी काय करावं, काय टाळावं?

‘अल-अॅनॉन’ ही पिणाऱ्याच्या कुटुंबीयांची संघटना १९५१ मध्ये सुरू झाली आणि भारतातही आहे. तिचा सांगावा असा: त्याचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि बरं करणंही तुमच्या हातात नाही. पण तुमचं स्वतःचं जगणं तुमच्या हातात आहे. तो तयार नसला तरी आई, पत्नी, भाऊ यांनी आपल्यासाठी मदत घ्यावी. घरात मारहाण होत असेल तर ११२ वर फोन करायला संकोच करू नका.

‘न सांगता जेवणातून द्या, दारू सुटेल’ अशा पावडरींच्या जाहिराती भिंतींवर आणि रील्समध्ये दिसतात. त्यांच्या वाट्याला जाऊ नका. दारू सोडवण्यासाठी वापरलं जाणारं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते पेशंटला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

केंद्र निवडताना चार गोष्टी विचारा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का? घरच्यांना भेटू देतात का? बाहेर पडल्यावर फॉलोअप आहे का? पेशंटला साखळीने बांधणं या कायद्याने बंद केलं आहे. मारून सरळ करतो म्हणणाऱ्याच्या हाती माणूस देऊ नका.

आणि पुन्हा घेतली तर?

असं होतं आणि अनेकांचं होतं. याला ‘स्लिप’ म्हणतात. त्या रात्री भांडण काढू नका, नशेत बोललेलं डोक्यात जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्पॉन्सरला फोन करावा आणि पुढच्या बैठकीला जावं. पुन्हा रोज प्यायला लागला असेल तर आधी डॉक्टर, कारण थांबवताना तोच धोका पुन्हा असतो. मधले तीन महिने वाया गेलेले नसतात. तीन महिने राहता येतं, हे आता त्याला माहीत झालेलं असतं.

तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर हा लेख त्याला सगळ्यांसमोर टॅग करून पाठवू नका. एकट्याला गाठा, शक्यतो सकाळी, शुद्धीवर असताना. ‘सोड’ म्हणायची गरज नाही, ते त्याने हजारदा ऐकलंय. ‘पहिल्या दिवशी तुझ्याबरोबर दवाखान्यात मी येतो’ एवढं म्हणा.