घोडी का बुजते?

पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळते. मागे बैल, दुतर्फा माणसे, भोंगे, उधळलेला भंडारा. या सगळ्यातून तिने घाट चढायचा. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मावळात अशा घोड्यांना पुन्हा भाव आला. नाणे मावळातल्या वडिवळ्यात माझ्या परिचिताने अशीच एक घोडी आणली. घाटात बिनघोर पळणारी ही घोडी पडवीवर पावसासाठी बांधलेली निळी ताडपत्री पाहून मात्र थरथरत मागे सरली. मालकाने चाबूक ओढला. दुसऱ्या दिवशी ती लांबूनच उधळली; दोर हाताला गुंडाळून उभ्या असलेल्या त्याच्या मुलाचा तळवा सोलून निघाला. “अण्णा, ही खोडीची आहे. बाजार दाखवतो,” मालक म्हणाला. त्याच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि मी या विषयाच्या मागे लागलो.

चाबकाने काय बिघडते, हे ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथात सांगून ठेवले आहे. बुजलेल्या घोड्याला मारले, तर वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे त्याला वाटते आणि भीती दुणावते. त्याला हळुवारपणे वस्तूजवळ न्यावे, असा त्याचा सल्ला आहे.

पुढचा प्रश्न घोड्याच्या दृष्टीचा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. पण कपाळासमोर आणि शेपटीमागे आंधळी जागा राहते. तांबड्या-हिरव्यात त्याची गल्लत होते, निळा मात्र वेगळा कळतो. हिरव्या खाचरांपुढे फडफडणारी निळी ताडपत्री त्याच्या नजरेतून सुटणे अवघड. ज्या जनावराचा जीव हजारो वर्षे पळण्यावर वाचला, ते आधी पळते आणि मग पाहते.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश प्रयोगात दोन वर्षांच्या २७ घोड्यांना हलत्या नायलॉन पिशवीची सवय तीन रीतींनी लावली होती. एकदम सामोरे नेणे आणि दाण्याशी सांगड घालणे यांपेक्षा टप्प्याटप्प्याने ओळख करून देण्याची रीत सरस ठरली. तिला फेऱ्याही कमी लागल्या.

आम्ही तेच केले. ताडपत्री उतरवून, घडी घालून वीस पावलांवर ठेवली. धरणाऱ्याने घोडीच्या खांद्याशी उभे राहायचे. दोर हाताला गुंडाळायचा नाही. कान रोखले, नाकपुड्या फुगल्या, की तिथेच थांबायचे. मान खाली आली, श्वास सुटला, की तिला वळवून लांब न्यायचे. यातली खुबी वेळेत आहे. हिसका मारल्यावर माघार घेतली, तर घोडी हिसका मारायला शिकते; शांत झाल्यावर घेतली, तर शांत राहणे फायद्याचे आहे हे तिला उमगते. मग रोज एकेक घडी उलगडली. उजव्या अंगाने ओळख झालेली वस्तू डाव्या अंगाने तिला नवीच वाटे, म्हणून दोन्हीकडून फिरवले. वारा सुटलेला दिवस सर्वांत शेवटी निवडला.

आपल्याकडे हे शहाणपण वारीत चालते-बोलते दिसते. शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीला पायी येतात. माउलींच्या पालखीपुढे रिंगणात धावण्याआधी कितीतरी गावे, ताशे आणि पताका त्यांच्या नजरेखालून गेलेल्या असतात. ही वाटचाल म्हणजे सवयीचीच शाळा, असे मला वाटते.

अठराव्या दिवशी आमची घोडी त्याच ताडपत्रीखाली तोबऱ्यातला हरभरा खात उभी राहिली. बाजाराची गोष्ट मागे पडली. परवा अंगणात नवे पत्रे आले. मालकाने ते आधी लांब, बांधाशी उतरवून घेतले आणि मुलाला सांगितले, “दोन दिवस राहू दे तिथंच. तिला बघू दे.”