मुके जनावर गेले, शंका मात्र राहिली

घरातला कुत्रा, मांजर किंवा दावणीची शेळी दवाखान्यात नेली, इंजेक्शन झाले आणि काही तासांत ती दगावली, तर त्या घरात दुःख आणि संशय एकदमच येतात. 'डॉक्टरने काय दिले कुणास ठाऊक' हा प्रश्न मग महिनोन्‌महिने सुटत नाही. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी याविषयी मोकळेपणाने बोलायला जागाही नसते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

'कुत्र्यासाठी कोणी एवढे रडते का?' असे शेजारी सहज म्हणून जातात. त्यामुळे माणूस रडू आवरतो, पण दुःख आतच राहते. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, अशा शोकाविषयी अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर लिहिले. आपण त्याला हक्क नाकारलेले दुःख म्हणू. भूमिहीन मजुराच्या घरी शेळी मेली, की मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि अडीनडीचा पैसाही जातो. तिथे रडायलाही उसंत मिळत नाही.

त्यात निष्काळजीपणाचा संशय आला, की मन त्याच दिवसाभोवती फिरत राहते. 'यवतमाळला नेले असते तर', 'एक दिवस आधी गेलो असतो तर' असे म्हणत माणूस डॉक्टरला आणि स्वतःला आळीपाळीने दोष देतो. आमचे सांगणे एवढेच आहे : शोक आणि चौकशी ही दोन वेगळी कामे आहेत. चौकशीला पुरावा लागतो आणि तो पहिल्या दिवशीच मिळतो. शोकाला वेळ लागतो. चौकशीचा निकाल येईपर्यंत शोक थांबवून ठेवता येत नाही.

पुरण्याआधी

जनावर कशाने गेले, हे कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे शवविच्छेदन. ते पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. आपल्याकडच्या उन्हात शव लवकर कुजते आणि मग निष्कर्ष काढणे अवघड होते. म्हणून शव सावलीत ठेवावे, लहान असेल तर बर्फ लावावा आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी अर्ज द्यावा. ज्या डॉक्टरवर संशय आहे, त्याच्याऐवजी दुसऱ्याकडून तपासणी व्हावी, असे अर्जात लिहावे. अहवालाची प्रत मागून घ्यावी.

सोबत चिठ्ठी, पावती, रिकाम्या बाटल्या, लसीकरणाचे कार्ड आणि फोटो जपून ठेवावेत. किती वाजता नेले, कोणते औषध दिले, वजन केले का, त्रास केव्हा सुरू झाला, हे त्याच रात्री कागदावर उतरवावे. आठवण पुढे बदलत जाते, कागद बदलत नाही.

दोन बाबतींत मात्र शवाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर रक्त आले, तर काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सची शंका घ्यावी. असे शव उघडायचे नसते. कुत्रा पिसाळल्यासारखा वागून किंवा लाळ गाळत मेला, तर रेबीजची शंका घ्यावी. घरात कुणाला तो चावला, ओरखडला किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. दोन्ही प्रसंगांत पशुवैद्यकाला आधी कल्पना द्यावी. शव अरुणावतीच्या पात्रात किंवा विहिरीजवळ न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

प्रत्येक मृत्यू निष्काळजीपणाचा नसतो

इंजेक्शननंतर मृत्यू झाला म्हणजे इंजेक्शननेच झाला, असे नाही. लस न दिलेल्या पिल्लाला पार्व्हो झाला, तर चांगले उपचार मिळूनही ते दगावू शकते. शेळीचा आंत्रविषार काही तासांत जीव घेतो. योग्य औषध योग्य प्रमाणात देऊनही एखाद्या जनावराला त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. आपल्या जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीचे विषही विसरून चालत नाही. २०१७ च्या हंगामात याच विषाने यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. ते जनावरालाही सोडत नाही. घरी दिलेल्या गोळ्याही पाहाव्यात. माणसाची पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक ठरते. असे काही दिले असेल तर डॉक्टरला न लपवता सांगावे.

मग निष्काळजीपणा कशाला म्हणायचे? न तपासता औषध देणे, वजनाचा अंदाजही न घेता मात्रा ठरवणे, ॲलर्जी दिसत असताना जनावराकडे न पाहणे, नोंदणी नसताना पशुवैद्यक म्हणून उपचार करणे, अशा गोष्टींना. माणसांच्या उपचारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितले, की उपचार यशस्वी झाला नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. सर्वसाधारण कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली होती का, हे पाहायचे असते. जनावराच्या बाबतीतही विचाराची दिशा हीच ठेवावी. 'नजर लागली', 'करणी केली' या बोलण्याने मात्र खरे कारण कायमचे बुजते आणि शेजारी शत्रू होतो.

दाद कुठे मागायची

खासगी डॉक्टरला फी दिली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. चौकशीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिथे सर्वांना मोफत सेवा मिळते, तिथे केवळ नाममात्र नोंदणी शुल्क भरून माणूस ग्राहक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले आहे. अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध पशुसंवर्धन विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि माहिती अधिकारात उपचाराची नोंद मागावी. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या वर्तनाविषयी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाता येते.

दवाखान्यात आरडाओरडा किंवा मारहाण करून काहीच हाती लागत नाही. उलट गुन्हा आपल्यावरच दाखल होतो.

मनाचे काय?

कागद आपल्या वाटेने जाऊ द्यावेत. घरात मात्र त्या जनावराचे नाव घेऊन बोलावे. मुलांना 'तो पळून गेला' असे सांगू नये. 'तो मेला, आता परत येणार नाही, आपल्यालाही वाईट वाटते' असे सरळ सांगावे. खोटे सांगितले तर मूल रोज दाराशी वाट पाहत बसते. पुरलेल्या जागी झाड लावावे, मुलाला चित्र काढू द्यावे. दुसरे पिल्लू लगेच आणायची घाई करू नये.

तक्रारीसाठीही वेळ ठरवून घ्यावा. आठवड्यातून एक दिवस कागद बघावेत, बाकीचे दिवस ते पेटीत ठेवावेत. दिवसभर तोच विचार चालू राहिला तर झोप आणि भूक दोन्ही जातात. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल किंवा कामावर जाणे जमत नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही दाखवता येईल. जगणे नकोसे वाटू लागले, दारू वाढली, तर एक दिवसही थांबू नये.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी आणि विज्ञाननिष्ठ शोधकबुद्धी ही दोन कर्तव्ये लागोपाठ सांगितली आहेत. गेलेल्या जनावरासाठी रडणे पहिल्यात बसते आणि ते कशाने गेले हे विचारणे दुसऱ्यात.

वस्तीत कुणाच्या घरी असे घडले, तर हसू नये. त्यांच्याकडे जाऊन बसावे, अर्ज लिहायला मदत करावी, दवाखान्यापर्यंत सोबत जावे. एकट्या माणसाला शव पुरण्याची घाई होते. सोबत कुणी असले, तर शवविच्छेदन करून घ्यायचे आहे ही आठवण राहते.